विश्वातल्या चारशे बारा चुका

३ जानेवारी, सोमवार
नव्या वर्षाचा संकल्प: ऑफिसातल्या माणसांना मूर्ख समजायचं नाही. निदान चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहितो. आमच्या कंपनीने आजवर एकोणीस सिनेमे काढले. सगळे जुन्या कॉमिक्समधल्या महावीरांचे. एका सिनेमातला महावीर दुसऱ्यात घुसतो, तिसऱ्यात मरतो आणि चौथ्यात खिडकीशी उभा राहून हसतो. या पसाऱ्याला ऑफिसात ‘आपलं विश्व’ म्हणतात. कोण कधी मेला, कोणाची शक्ती कशाने गेली, याची नोंद ठेवतो तो सुसंगती विभाग. विभागात मी आणि एक कपाट. थोडक्यात, विश्वाचा मेंदू मी. हे दुसरं कोणी म्हणत नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.

संकल्प बारा वाजून दहा मिनिटांनी मोडला. विसाव्या सिनेमाची स्क्रिप्ट आली.

४ जानेवारी, मंगळवार
पान अडतीस. लोहबाहू टाळ्या वाजवतो. सातव्या सिनेमात त्याचा डावा हात खांद्यापासून गेलाय. तेव्हा आमची लेक सहा वर्षांची होती. दोन दिवस धड जेवली नव्हती.

वरच्या मजल्यावर गेलो. तिथे तीन लेखक बसतात. तिघांत मिळून दोन दाढ्या आणि अर्धी अक्कल. शांतपणे विचारलं की एका हाताने टाळी वाजते का. मोठ्या दाढीवाल्याला वाटलं मी भांडणाबद्दल बोलतोय. म्हणाला, सर, आमची काहीच चूक नाही, सुरुवात तुम्हीच करता.

११ जानेवारी, मंगळवार
ठरलं. एकोणीस सिनेमांतल्या झाडून सगळ्या चुकांची यादी करायची आणि थेट मोठ्या बाईंपुढे ठेवायची. कंपनी त्यांची. तिघांना नारळ मिळेल. मग विसावा सिनेमा कोण लिहिणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

माझी गोष्ट तयार आहे. सगळे महावीर एका खोलीत बसतात आणि अडीच तास पश्चात्ताप करतात. मारामारी नाही. उडणं नाही. विजेरी नावाच्या नायिकेच्या डोळ्यांतून प्रकाशाऐवजी फक्त पाणी.

हिला सांगितलं. हिचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे दृष्टी दुकानापुरतीच. म्हणाली, अहो, ही यादी तुमच्याकडे कोणी मागितली आहे का? मोठ्या कामांना मागणी नसते.

२३ जानेवारी, रविवार
लेकीला सगळे सिनेमे तोंडपाठ. जेवताना सहज विचारलं तर तिने चौदा चुका सांगितल्या. त्यातल्या अकरा मला माहीत नव्हत्या. म्हणजे होत्या, पण त्या वेळी आठवत नव्हत्या. यादीत घातल्या.

यादी कशासाठी हे कळल्यावर तिचा चेहरा पडला. म्हणाली, बाबा, बाईंना नको दाखवूस, आम्ही मैत्रिणी त्याच तर शोधत बसतो, तीच मजा असते. चौदाव्या वर्षी मजेचं काय कळतं?

१४ फेब्रुवारी, सोमवार
ऐतिहासिक दिवस. यादी: एकसष्ट पानं, चारशे बारा चुका. वेळ मिळाला होता चार मिनिटं. अकरा घेतली. बाई, तिघे लेखक आणि टोपीवाला दिग्दर्शक. हा गृहस्थ छपराखालीही टोपी काढत नाही. आत काय नाही ते दिसू नये म्हणून असेल.

बाईंनी पानं चाळली, चष्मा काढला. म्हणाल्या, म्हणजे हे निस्तरणं शक्यच नाही म्हणायचं. मी ठामपणे सांगितलं, अशक्य. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. म्हणाल्या, तुम्ही माझे डोळे उघडलेत. टोपीवाला खाली मान घालून काहीतरी लिहून घेत होता. घाबरला असावा.

संध्याकाळी मेहुण्याला फोन करून सांगितलं की मी आता मुख्य लेखक झाल्यातच जमा आहे. मेहुणा दातांचा डॉक्टर. समोरच्याला बोलता येत नाही अशा अवस्थेत गप्पा मारायची सवय. अभिनंदन करून वर म्हणाला, पत्र आलं का? कोत्या मनाचा माणूस.

९ मार्च, बुधवार
माझी स्क्रिप्ट, नाव ‘पश्चात्ताप’, पान चौऱ्याहत्तर. लोहबाहूचं स्वगत बावीस पानांचं झालंय. कुठे कापावं कळत नाही. कापण्यासारखं काही नाहीच.

वरच्या मजल्यावरून स्क्रिप्टची पानं यायची थांबली. उघड आहे, माझी वाट बघताहेत. तिघेही हल्ली जिन्यात भेटले की नमस्कार करतात. मोठा दाढीवाला तर म्हणाला, सर, तुमच्यामुळे आमचं ओझं उतरलं. माणूस जायच्या वेळी नम्र होतो.

वरच्या कोपऱ्यातल्या केबिनमधली खिडकीखालची जागा मापून आलो. कपाट बसेल.

२८ मार्च, सोमवार
पश्चात्ताप बाईंकडे पोचवून अकरा दिवस झाले. उत्तर नाही. हादरल्या असणार.

४ एप्रिल, सोमवार
बाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. विसावा सिनेमा सुरू होताच काळाला भगदाड पडतं आणि मागचे एकोणीस सिनेमे घडलेच नाहीत असं ठरतं. नवं विश्व, नवे नट, पाटी कोरी. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने दाखवून दिलं की जुनं दुरुस्त होण्यापलीकडे गेलंय, असं त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो. सगळ्यांत जास्त टाळ्या तिघे वाजवत होते.

एका माणसाने विश्व संपवल्याचं उदाहरण इतिहासात दुसरं नसावं.

६ एप्रिल, बुधवार
एचआरच्या मुलीने बोलावलं. मला वाटलं केबिनचं असेल. म्हणाली, सर, मागे काही उरलंच नाही, तर सुसंगती ठेवणार कशाशी? विभाग महिनाअखेर बंद. पत्रात ‘सुसंगती’ शब्द दोनदा चुकीचा लिहिला होता. दुरुस्त करून सही केली.

हिला सांगितलं. हिने भाजी वाढली. मग म्हणाली, दुकानात माणूस हवाच आहे. मी म्हणालो, विचार करतो.

लेकीने फक्त विचारलं, तुझ्या त्या यादीमुळे का? मी हो म्हणालो, थोडं अभिमानाने. म्हणाली, त्यात माझ्यापण चौदा होत्या. खोलीत गेली. लोहबाहूचं पोस्टर काढून गुंडाळून ठेवलं. बोलणं बंद.

२ मे, सोमवार
कपाट ऑफिसचं निघालं. यादीची प्रत घेऊन घरी आलो. पश्चात्ताप परत मागितला तर तो सापडत नाही म्हणाले. पाकीट कोणी फोडलं होतं का, हे विचारलं नाही.

११ डिसेंबर, रविवार
नवं विश्व लागलं. सकाळच्या खेळाची दोन तिकिटं काढली. लेक आली, हेच पुष्कळ. नवा लोहबाहू कोवळा, दोन्ही हात शाबूत. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ती पडद्यावर नजर रोखून होती.

मध्यंतरात म्हणाली, बाबा, सुरुवातीला तो डाव्या हाताने लिहीत होता, आता उजव्याने सही केली. माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हणालो, ते मुद्दाम आहे. ती बघत राहिली. मग पर्समधून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. मी वाकून बघायला गेलो तर पानावर हात ठेवला. म्हणाली, हे नको, हे माझं आहे.

पॉपकॉर्न आणायला बाहेर गेलो. आत सिनेमा सुरू झाल्याचा आवाज आला. रांगेतच उभा राहिलो.

१२ डिसेंबर, सोमवार
दहा वाजता हिच्या दुकानात. पहिलं गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. अगदी शेवटची बारीक ओळसुद्धा. मी पट्टी घेऊन उभा होतो. एकही अक्षर चुकलं नाही. ही म्हणाली, सर, तुम्हाला चष्म्याची गरज नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, अहो, जरा उजेडातून बाजूला व्हा.