चाळीस चुटक्या

२ नोव्हेंबर, रविवार
पोरीला बोलवायचं आणि तिच्या तोंडावर जांभया द्यायच्या, ही कुठली रीत? मनवेलपाड्याच्या त्या कविता-क्लबात आज आमची क्षितिजा माइकवर उभी राहिली. नात आहे म्हणून नाही, पण चार ओळी झकास बोलली. मग जरा थांबली. तर समोरचे चाळीस जण चुटक्या वाजवायला लागले! जांभई आली की तोंडासमोर चुटकी वाजवतात, हे चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. मी खुर्चीतूनच ओरडले, मेल्यांनो, झोप आली असेल तर घरी जा. पोर मान खाली घालून उतरली. इज्जत मी वाचवली.

४ नोव्हेंबर
क्षितिजा बोलत नाही. दमली असेल. कविता सोडली म्हणते. क्लबवाल्या संकेतचा फोन घेत नाही. मीच घेतला. पुढच्या वेळेला नाव लिहू का, विचारत होता. म्हटलं, लिही, रंभा, मुक्काम उमेळे. घराण्याचं नाव आता मीच वर काढणार.

९ नोव्हेंबर
कविता तयार. विषय आमची सून. हेमांगी ऐकून म्हणाली, आई, यमक जुळत नाही. म्हटलं, तुझ्याशी माझं काय जुळलंय, यमकाचं काय घेऊन बसलीस? पाठ करणार नाही. लग्नातली गाणी मी रात्ररात्र म्हटलीत.

१६ नोव्हेंबर, रविवार
क्षितिजा आली नाही. हेमांगी सोडायला आली आणि नेमकी समोर बसली. दोन ओळी दणक्यात. तिसरी गेली. हेमांगीमुळेच गेली. सगळं चिडीचूप. मग एक चुटकी. मग दहा. मी नीट बघितलं, एकाचंही तोंड उघडं नव्हतं. हेमांगीही वाजवत होती. तिला वाजवताही येत नाही.
तिसरी ओळ आली नाहीच. खाली उतरल्यावर संकेतनं चहा दिला. म्हणाला, आजी, कोणी अडकलं की आम्ही चुटक्या वाजवतो. घाई नाही, आम्ही थांबलोय, एवढंच सांगायचं असतं.
म्हटलं, मला ठाऊकच होतं.

१७ नोव्हेंबर
क्षितिजाला सांगितलं, तुझ्या क्लबातली माणसं तशी बरी आहेत. बाकी बोलले नाही. तिनं विचारलं, तिसरी ओळ काय होती? सांगायला तोंड उघडलं, तर आत्ताही आठवेना. पोरीनं मोबाइलमधून मान वर न काढता एक चुटकी वाजवली.
मोबाइल तिच्याच हातात वाजतोय. संकेतच असणार. म्हटलं, माझ्याकडे काय बघतेस? मला बोलायचं ते बोलून झालं. तूच घे.