असेल आणि असता

गारखेडा, औरंगाबाद
१८ एप्रिल २०१६

प्रिय बिभीषणदादास,

सत्यशीलाचा नमस्कार. आम्ही इथं बरे आहोत, तू, आई आणि मेंढरं तिथं तग धरून असाल असं समजते. पत्र साहेबरावच्या हाती देते आहे, त्याची जीप परवा कन्नडला येणार आहे. हातात फोन असताना मी पत्र का लिहायला लागले, असं तुला वाटेल. तुझ्या फोनमधलं बोलणं बाहेर ऐकू जातं आणि आई तुला खेटून बसलेली असते. म्हणून हे पत्र पालापासून लांब जाऊन वाच.

इथं नळाला पाणी कधी येईल याचा नेम राहिला नाही. आमच्या मागं मोठी इमारत उभी राहते आहे. तिच्या बांधकामाला टँकर रोज येतो, आमच्या गल्लीला येत नाही. तुझे दाजी वाळूजच्या कारखान्यातली पाळी करून येतात आणि तसेच हंडे घेऊन बाहेर पडतात. उन्हाचं सांगायला नको.

माझा इंग्रजीचा क्लास भरलेला आहे. पोरापोरींना नोकरीच्या मुलाखती द्यायच्या असतात. परवा मी त्यांना शक्यता कशी सांगायची ते शिकवत होते. 'ही मे कम', म्हणजे तो येईल, शक्यता आहे. 'ही माइट कम', येईलही, पण भरवसा जरा कमी. 'ही मस्ट बी ॲट होम', दारात चपला दिसताहेत, म्हणजे घरातच असणार. 'ही कान्ट बी ॲट होम', दाराला कुलूप आहे, म्हणजे घरात असणं शक्यच नाही. पोरं भराभर उतरवून घेत होती. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आणि 'कुड हॅव' म्हटलं तर? गोष्ट झाली असं समजायचं, का नाही झाली?"

मी खडू ठेवला आणि पाणी पिऊन येते म्हणून बाहेर पडले. अंगणात उभं राहवेना. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. आत्ताही लिहिताना मधेच उठते आहे. अक्षर वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घे.

दादा, आपल्या बिरूबद्दल लिहायचं आहे.

त्यानं खलाशी म्हणून बोटीवर चढताना माझाच नंबर दिला होता, घरात इंग्रजी मलाच येतं म्हणून. त्यामुळं कंपनीच्या साहेबांचे फोन मलाच आले. ते केरळकडचे, माणूस सभ्य. पहिल्यांदा म्हणाले, वादळात बोटीशी बोलणं तुटलंय, 'दे मे बी सेफ'. मी तुम्हाला सांगितलं, सुखरूप असतील. मग बोट बुडाल्याचं कळलं. खलाशी छोट्या होडीत उतरले असावेत, म्हणाले. तेही मी तसंच सांगितलं. तिसऱ्या खेपेला म्हणाले, दुसऱ्या एका जहाजानं काही जणांना उचललंय, त्यांत तुमचा भाऊ नाही. आणि पुढं म्हणाले, 'ही कुड हॅव बीन सेव्ह्ड.'

इंग्रजीत हे एकच वाक्य आहे. मराठीत त्याची दोन होतात. वाचला असेल. वाचला असता.

मला पहिलं ऐकायचं होतं, मी पहिलं ऐकलं. लगेच तुला फोन लावला, तो आईनं घेतला, आणि मी म्हटलं, "आई, बिरू वाचला असेल."

ती काय म्हणाली ते तूही ऐकलंस. "मंग त्यो घरीच येनार. आन् यील तवा हितं कुनीच नसलं तर? आमी कुठं जात नाय."

तेव्हापासून तुम्ही तिथंच आहात. चारा नाही, पाणी नाही, मेंढरं बसली की उठत नाहीत, हे तू मला दबक्या आवाजात सांगतोस. निफाडकडं कांद्याची रानं मोकळी झालीत, आईला तेवढं समजाव, म्हणतोस. आणि मी म्हणते, थोडं थांब.

त्या मुलीनं विचारलं त्याच दुपारी मी साहेबांना फोन केला. म्हटलं, सर, शक्यता नको, माझा भाऊ वाचला का? ते म्हणाले, "मॅडम, माणूस सापडेपर्यंत आम्हाला असंच बोलावं लागतं." आणि त्यांनी आपण होऊन एका खलाशाचा नंबर दिला. रत्नागिरीकडचा मुलगा, बिरूच्याच खोलीत राहायचा. सध्या परदेशात दवाखान्यात आहे.

तो म्हणाला, "ताई, तुम्ही आधी बसा."

मी बसले नाही. म्हटलं, सांग.

"आमची होडी उलटली. आम्ही दोघं पाण्यात होतो. त्याच्या जॅकेटचा पट्टा तुटला होता, म्हणून मी त्याचा हात धरून ठेवला होता. रात्रभर तो मला तुमच्या मेंढरांचं सांगत होता, मी झोपू नये म्हणून. पहाटे मोठी लाट आली आणि हात सुटला. एकदा वर आला. मग नाही आला. जहाज उजाडल्यावर आलं. थोडं आधी आलं असतं, तर बिरू वाचला असता."

तो रडायला लागला. मीच त्याला म्हटलं, तू धरलास रे हात, तुझ्याकडून काही राहिलं नाही.

दादा, आपला बिरू गेला.

मागच्या दिवाळीत तो आईला सांगत होता, एवढं पाणी असतं गं, पण एका मेंढीला पिता येत नाही. आई हसली होती आणि म्हणाली होती, मंग काय कामाचं ते.

मी गुरुवारी पहिल्या गाडीनं येते, दाजीही येताहेत. आईला मीच सांगणार. तू सांगू नकोस, कारण 'असेल' हा शब्द मी तिला दिला, तो परतही मीच घ्यायला हवा. ती मला मारेल, मारू दे. शुक्रवारी तुम्ही निघा. घोडं, भांडी, पाल, सगळं आवरून ठेव, आईनं विचारलं तर साफसफाई म्हण. मीही तुमच्याबरोबर निफाडपर्यंत चालणार आहे. क्लासला सुट्टी दिली आहे. एवढं चालवेल की नाही ठाऊक नाही, पण इथं चार भिंतींत मला बसवत नाही.

तू आत्ता रानात एकटा असशील तर रडून घे. पालात जाताना तोंड धुऊन जा. आईनं विचारलं, सत्यशीलानं काय लिहिलंय, तर एवढंच सांग, ती येतेय.

दोन भावांची बहीण,
सत्यशीला