नवव्या रांगेतला समुद्र

१२ मे
पोहोचले एकदाची! नुकूसहून सहा तास जीपमध्ये आदळत आले, हाडं खिळखिळी झालीत, पण मन तरंगतंय. वर्गातल्या बाकीच्यांनी इंटर्नशिपसाठी ताश्कंदमधली एसीची ऑफिसं मागितली. मी माझ्या आजोबांच्या मुलखातलं आक्केमे गाव मागितलं तेव्हा सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. सौरऊर्जा शिकायची तर जिथे तिच्यावाचून लोकांचं अडतं तिथेच शिकेन, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं.

इथे अडतंच. सत्तर घरं, एक दवाखाना, आणि विहिरींना खारट पाणी. समुद्र आटून उघड्या पडलेल्या तळावर बारा रांगांत चारशे ऐंशी पॅनेलं मांडलीत. त्यांच्या विजेवर पंप आणि पाणी गोडं करणारं यंत्र चालतं. या सौरकेंद्राचे प्रमुख तोरेमुरात आगा अबोल आहेत. काचा पुसणाऱ्या शरिपा आपा साठीच्या, आणि अजिबात अबोल नाहीत. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "चार वर्षं शिकवून विद्यापीठाने फडकं मारायला पाठवलं होय? माझ्याकडे आली असतीस तर चार दिवसांत तयार केलं असतं." मग त्यांनी आपल्या वाटणीचा तळलेल्या माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात सरकवला.

१५ मे
आठवड्याभरात काचेवर मिठाच्या धुळीचा असा थर बसतो की तिसरा हिस्सा वीज कमी होते. सकाळी काच तापायच्या आत आधी कोरडा ब्रश, मग ओलं फडकं. पुसण्याआधी किती वीज, नंतर किती, हे रांगेगणिक मांडायचं, हाच माझा प्रकल्प. खांदे भरून आलेत, पण आकडे झकास जमतायत.

आपा पुसताना काचेकडे बघत नाहीत. मान गावाकडे वळवून उभ्या असतात, तरी एक कोपरा सुटत नाही. विचारलं तर म्हणाल्या, सवय. माझ्याआधी जालगास नावाचा विद्यार्थी होता. त्याने अहवाल का दिला नाही असं आगांना विचारलं, तर ते चहा ओतून घ्यायला उठले. त्यांचा पियाला भरलेलाच होता.

१९ मे
नववी रांग पुसत होते. काचेत माझं प्रतिबिंब, मागे आकाश. आणि खाली, माझ्या घोट्यांशी, पाणी.

वळून पाहिलं. कोरडी, भेगाळलेली जमीन. पुन्हा काचेत पाहिलं. पाणी हलत होतं. त्यावर लाटेची बारीक घडी पडत होती.

उन्हाने डोळे दिपले असतील असं आपांना हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. हातातलं फडकं पिळत राहिल्या आणि म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी तुला बजावायला हवं होतं. वेडी म्हणशील म्हणून गप्प बसले."

२३ मे
घाबरून बसणं मला जमत नाही. मोजणं जमतं. आता कुठल्याही रांगेत गेले तरी ते दिसतं, पण नवव्या रांगेत सर्वांत स्पष्ट. काचेवर खडूने खूण केली. परवा गुडघ्याखाली होतं, काल गुडघ्यापाशी, आज मांडीपर्यंत.

आज पाण्यात माझ्या शेजारी एक माणूस उभा होता. खांद्यावर जाळं. चेहरा पाण्यात फार दिवस राहिलेल्यासारखा. ओठ हलत होते. माझ्या शेजारी खरं तर कोणीच नव्हतं.

बूट काढले. मोजे ओले. जिभेला लावून पाहिले. खारट.

२६ मे
आगांनी आज सगळं सांगितलं. मी बुटातलं पाणी त्यांच्या टेबलावर ओतलं, तेव्हा.

जालगासनेही काचेत पाहिलं होतं. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा तो घरी निघाला. जीप आगाच चालवत होते. दुपारचं ऊन, खिडक्या बंद, चहूकडे वाळवंट. शेजारी खोकल्याचा आवाज आला म्हणून त्यांनी पाहिलं, तर जालगासच्या नाका-तोंडातून पाणी वाहत होतं. जीप थांबेपर्यंत तो गेला होता. कंत्राटदार कंपनीने कागदावर उन्हाचा झटका असं लिहिलं. आगांनी सही केली. सही केली नसती तर कंपनीने यंत्र बंद केलं असतं, आणि गावाने काय प्यायलं असतं? हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

म्हणजे एकदा पाहिलं की ते आपल्याबरोबर येतं. पळून उपयोग नाही.

मग मी पळणारही नाही.

२८ मे
कमरेच्या वर. त्या माणसाचे ओठ आज वाचता आले. तो एकच म्हणतोय. परत द्या. परत द्या.

मी काचेला नाक लावून त्या समुद्रालाच मोठ्याने सुनावलं. "मी तुला नेलं नाही. ज्यांनी कापसासाठी तुझ्या नद्या वळवल्या त्यांना जाऊन बुडव. माझे आजोबा तुझ्याच पाण्यावर जगले, आणि तू गेल्यावर तुझंच मीठ छातीत भरून खोकत मेले. मी जन्मले तेव्हा तू कुठे होतास? माझ्याकडे काय मागतोस?"

त्या माणसाचे ओठ थांबले. बारा रांगांत पाणी निश्चल. खूण केली होती तिथेच थांबलं.

संध्याकाळी पुन्हा चढलं. पण दिवसभर तरी थांबलं होतं. लिहून ठेवतेय.

३० मे
काल सकाळपासून मिठाचं वादळ. दोन हात पुढचं दिसत नाही. पॅनेलं पांढरीफटक. बॅटऱ्या संपल्या, पंप बंद. दवाखान्यात एक बाई बाळंतपणात अडली आहे. डॉक्टरीणबाईंकडे दोन बादल्या पाणी उरलंय.

माझ्या गळ्याशी — खोकते तेव्हा रुमाल ओला होतो.

अहवाल पूर्ण केला. शेवटच्या पानावर लिहिलं, जालगासचा मृत्यू उन्हाने नाही, पाण्याने झाला. खाली माझं नाव, बिबिनाज, पूर्ण पत्त्यासह. आगांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ वाचला. मग माझ्या सहीशेजारी सही केली. अहवाल आपांच्या झग्याच्या आत बांधला आहे. नुकूसला त्या स्वतः नेणार.

३१ मे
वादळ थांबलं. ऊन. आपांनी गावातल्या बायका आणल्यात, तीस तरी. सगळ्यांची तोंडं गावाकडे, पाठ काचांकडे, हात मागे. पुसतायत.

नववी रांग माझी. मी पाहिलंय, मला काय —

आपा सोडायला तयार नव्हत्या. "चल, दोघी करू," म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्यांनी डोळे मिटून माझा चेहरा चाचपला आणि गेल्या.

वीस पॅनेलं झाली. हनुवटी.

तो शेजारी आहे. जाळं माझ्या खांद्यावर — बघू दे त्याला. पुसते आहे.

तीस. काच स्वच्छ झाली की पाणी जास्त निळं दिसतं. सुंदर आहे, मेलं.

एकोणचाळीस. ओठ. श्वास नाकाने. वही डोक्यावर धरून — कोरडी राहायला —

चाळीस.

पंपाचा आवाज. चालू झाला! आपा लांबून ओरडतायत, नळाला पाणी आलं. गोडं आहे म्हणतायत. माझ्या तोंडात मात्र खा