गोदामामागे पुरलेलं

३ फेब्रुवारी १९९६
आज लेकाच्या, हिरामणच्या, खोलीवर राहायला आले. वडप्याला हमरस्त्यालगत गोदाम, मागे डोंगर, मधे ही वॉचमनची खोली. फरशी गुळगुळीत, दाराशी नळ! जन्मभर विहीर ओढली, आता राणीसारखी आंघोळ करीन. सून काशी दिवसांत आहे. मला मायेनं नाही, बाळंतपणाला बोलावलंय. एवढं कळतं मला. आवारात आठ कुत्री. हिरामण म्हणतो, आये, खरे वॉचमन तेच, मी नुसता शिट्टीचा धनी हाय. प्रौढवर्गात शिकलेली अक्षरं गंजू नयेत म्हणून हे लिहिते.

९ फेब्रुवारी
सकाळी काशी मोकळी झाली. मुलगी. गावातली सुईण राहीबाई होती. बाळामागून पडलेली वार मोरीमागे पुरायची आमची रीत. कंबरभर खड्डा, वर काटे. हिरामणनं हातभर खणलं तर पहार ठणठण वाजली. म्हणाला, हितं जमीन कुठं हाय आये, सगळा भराव. मी म्हटलं, बस झालं, वर धोंडा ठेव. काट्यांसाठी डोंगरात कोण जाणार? तेवढा कंटाळा केला.

११ फेब्रुवारी
धोंडा बाजूला. खड्डा चाटूनपुसून रिकामा. मी कुत्र्यांना शिव्या घातल्या. हिरामण हळूच म्हणाला, सात कुत्री चार दिवसांत दिसली न्हाय, एक उरलंय ते ट्रकखालून निघत न्हाय. नळाजवळच्या चिखलात पंजा उमटलाय. गोल, नखं नसलेला. कुत्र्याचा नव्हे. माहेरी वाघबारशीला ज्याला नारळ फोडायचो, त्याचा. काशीला बोलले नाही.

१४ फेब्रुवारी
राहीबाई म्हणते, बिबट्या हितलाच हाय, आपणच नवे. पूर्वी रान सलग होतं, आता मधे रस्ता, भिंती. दिवसा रस्त्याखालच्या मोठ्या पाइपात निजतो, तिन्हीसांजेला गोदामांच्या पत्र्यांवरून फिरतो. भेकरं संपली, कुत्र्यांवर भागवतो. माणसाच्या वाटेला जात न्हाय, म्हणाली.
खरं असेल. पण त्याला माणूस चाखवला कोणी? मीच.

१६ फेब्रुवारी
शेवटचं कुत्रंही गेलं. काशीच्या रक्ताच्या चिंध्या जाळल्या, तरी वास जात नाही. सांजेला खोलीवरचा पत्रा वाजला. वारा नव्हता. पोर रडली की पावलं थांबतात. ऐकतो तो—

१८ फेब्रुवारी, रविवार
गोदाम बंद, हमाल नाहीत. काशीला ताप, चालवत नाही. हिरामण दुपारी टेम्पो आणायला गेला, तिला राहनाळला माहेरी पोचवायचंय. अजून आला नाही.

दिवा लावला. डोक्यावर पत्रा दबला—

पोर रडतेय. पाज गं तिला, काशी—

पत्रा हलका झाला. खाली उतरलाय. मोरीच्या मागच्या दाराखाली उकरतोय. माती आत येतेय—

काशीला सांगितलं, पोर घेऊन पुढच्या दाराशी थांब, टेम्पो आला की चढ, मागं बघू नको. रडतेय येडी. मी मोरीच्या दाराला पाठ लावून बसलेय. फळी हलतेय. माझं मांस म्हातारं, चिवट. तो चावेपर्यंत टेम्पो ये—