बेचाळीसवर थांबलेला काटा

बाबा, तुम्ही गेल्यावर तुमचं अक्षर पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं, तेही नागपूरच्या धंतोलीत, दवाखान्यांच्या गर्दीतल्या एका ऑफिसात. निवृत्तीनंतर मी तिथे जाते. गुजरातेतल्या गॅसविहिरींच्या जुन्या नोंदवह्या आम्ही कॉम्प्युटरला शिकवतो, म्हणजे दाब कधी चढेल ते मशीनला आधीच ओळखता यावं. हाताने लिहिलेलं जुनं इंग्रजी तरुण मुलांना वाचता येत नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टी मारून घोटून घेतल्यामुळे मला येतं. मागच्या हिवाळ्यात, तुम्ही नोकरीला होतात त्या विहिरीची एक वही उघडली आणि तुमचा सात दिसला, पोटात आडवी रेघ असलेला. मी कोणाला बोलले नाही. तुमच्याशेजारी बसल्यासारखी रोज वाचत राहिले.

चौथीत असताना शाळेच्या हवामान-तक्त्यात मी आठवड्याचं तापमान एकदम भरून टाकलं होतं. तुम्ही माझ्या वाढदिवसाला गुजरातेतून सकाळीच आलात. आपल्या सक्करदऱ्याच्या घरी स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटते आहे आणि तुम्ही तक्ता हातात घेऊन म्हणता, "हे काय वं? उद्याचं ऊन तुले आजच लागलं?" आई हसते, तुम्ही नाही. "न पाहिलेला आकडा लिहायचा नाही, पोरी. त्याच्या भरवशावर माणसं उभी राहतात." मग पिशवीतून भेट काढता: विहिरीवरचं बाद झालेलं, दाब मोजायचं पितळी गेज, काटा बेचाळीसवर अडकलेला. ते अजून माझ्या ओट्यावरच्या फळीवर आहे.

गेल्या आठवड्यात, वाढदिवसाच्या आदल्या दुपारी, शेजारच्या टेबलावर त्याच विहिरींचे चालू आकडे पाहणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, पाहा ना. विहिरीवरचं गेज चढून राहिलं, अन् मशीन म्हणते गेजच खराब आहे, संध्याकाळी बेचाळीसच राहीन. बाकी दिवस तर शहाण्यासारखी वागते. याच तारखेले काहून डोळे मिटते?"

मी तुमच्या वह्यांतली त्या तारखेची पानं काढली. दर वर्षी त्याच तारखेला चारचा, सहाचा, आठचा आकडा बेचाळीस, एकाच शाईत, एका दमात लिहिलेला. दुपारची गाडी धरली तरच तुम्ही सकाळी नागपुरात पोचायचात. मला रागावलात त्या वर्षाचीही ओळ तिथे होती.

"विहिरीपाशी माणसं आहेत?"

"दोघं. व्हॉल्व्हजवळच."

"त्यांना आधी मागे घे. गेज खरं आहे. या नोंदी न पाहता लिहिल्यात."

तिने फोन लावला. दोघं मागे आले, आणि थोड्याच वेळात त्या व्हॉल्व्हमधून गॅस उसळला. कोणाला लागलं नाही.

मशीनला शिकवायच्या नोंदींतून त्या ओळी मीच काढून टाकल्या. एकेक पुसताना वाटत होतं, इतकी वर्षं गेली तरी त्या दुपारी तुम्ही पिशवी उचलून घरी निघतच होता. आता निघणार नाही.

"कोणाचं अक्षर असंन हो मॅडम? ओळखीचं आहे?" मुलीने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

हा कागद त्या गेजखाली सरकवून ठेवते आहे. डोळे मिटून ठेवावा लागेल. त्या ओळी पुसल्या त्या दिवसापासून मी काट्याकडे पाहिलेलं नाही.