चढाला वळणारा पाइप

दि. २१ ऑगस्ट १९७८

ती. अण्णांस,

धाकट्या महादेवीचा शरणार्थ. वालूरला पाऊस कसा आहे? वहिनींचा गुडघा आता दुखत नाही ना? खरं तर हे पत्र आमचे हे स्वतःच लिहिणार होते, पण तूर्त मीच लिहिते.

यांनी केलेले नळयोजनेचे नकाशे तुम्ही पाहिलेत. कोणत्या साली पाइप कुठवर गेला ते पातळ कागदांवर काढून एकावर एक ठेवायचे, म्हणजे गाव कसं वाढलं ते दिसतं, आणि पुढं कुठं पाणी लागेल तेही सांगता येतं. ग्रामपंचायतीच्या बैठकीत हे म्हणाले, "पाणी उताराकडं जातं. आपला पाइप मात्र ओढ्याजवळचा बौद्धवाडा आला की चढाला वळतो. दर वेळी. असाच वाढला तर वाड्याला वेढा घालील, पण आत शिरणार नाही." लय वाद झाला. शेवटी उन्हाळ्यात वाड्यात नळ आला. यांनी स्वतः उभं राहून बसवला, लाइनीची चावीही यांच्याकडंच असते.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव पेटलं. एका दुपारी काही माणसं घरी आली.

"त्या वाड्याच्या लाइनीची चावी द्या. आज पाणी बंद ऱ्हाऊ द्या."

"कशाला?"

"इचारू नका. तुमाला काय करायचंय?"

यांनी चावी दिली नाही. ते गेल्यावर कपबशा उचलताना मला एकदम उमगलं, पाणी बंद कशाला हवं होतं ते. हे व्हॉल्व्हपाशी जाऊन बसले, पाणी चालूच ठेवलं.

तिन्हीसांजेला धूर दिसला. वाड्यातल्या कडूबाई सांगतात, नळ होता म्हणून घागरी ओतून आग विझवता आली. दोन घरं गेली, माणसं वाचली.

हे व्हॉल्व्हच्या खड्ड्यात सापडले. अण्णा, उजवा हात मोडलाय. डोळ्यांनी दिसत नाही. परभणीचे डॉक्टर नुसतं "बघू" म्हणतात.

कुणी मारलं ते यांनी पोलिसांना सांगितलं नाही. मला सांगितलं.

तुम्ही लिहिलंय, वहिनींच्या भावाला, लिंगराजदादांना, मला न्यायला पाठवता. पाठवू नका. त्या दुपारी चावी मागणारे तेच होते. माझ्या हातचा चहा पिऊन गेले.

वहिनींना कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा. उद्या मी पोलिसांत नाव देणार आहे.

त्यानंतरही तुम्ही बहीण म्हणाल या आशेवर,
महादेवी