कॉर्नर सोफ्यावरची चादर

अहो,

ओवी झोपलीय तेवढ्यात लिहिते. ती उठली की आम्ही दोघी एसटीने पोलादपूरला, माझ्या बाबांकडे जातोय. कुकरमध्ये भात आहे, दूध तापवलंय.

तुमचे साहेब आले तेव्हा पडद्यांना जुळणाऱ्या त्या नव्या कॉर्नर सोफ्यावरची चादर तुम्ही घाईने काढलीत. काल बाबा तांदूळ घेऊन शेतातून तसेच आले, तर आहे त्या चादरीवर आणखी एक पसरलीत. "बरा हाय गो मी खाली," म्हणत ते फरशीवर बसले. कपडे मळलेत म्हणून ओवीला मांडीवरही घेतलं नाही, न जेवताच गेले.

तुमच्या ते लक्षातही आलं नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. बाबा यायला तयार झाले तर उद्या तिघंही येऊ. नाही झाले तर आमचं येणं लांबेल.

अक्षदा